ज्यू मतदारांचा सर्वे छापताय तर विचारलेला प्रश्नही छापा

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्या परदेशच्या पानावर अमेरिकेतल्या ज्यू मतदारांच्या सर्वेची बातमी होती, इस्राएल-पॅलेस्टाइनच्या शांततेबद्दल. हेडलाइनमध्ये एक आकडा, खाली सात-आठ ओळी, संपलं. कोणी विचारलं, किती जणांना विचारलं, नेमकं काय विचारलं, यातलं काहीच नाही. दुपारपर्यंत त्या कात्रणाचा फोटो आमच्या विश्रामबागच्या दोन ग्रुपवर फिरला आणि वाद पेटला, एक म्हणतोय बघा ज्यूंना शांतता नकोच आहे, दुसरा म्हणतोय अमेरिकेतले ज्यू तर सगळे पॅलेस्टाइनच्याच बाजूचे झालेत, आणि दोघांच्या हातात तोच एक आकडा. मी तिथं काही बोलले नाही, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना म्हणून तुम्हाला लिहितीय.

मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी केलं आणि नंतर सात वर्षं सांगली-मिरज-कुपवाडमध्ये आणि आसपासच्या गावांत दारोदार फिरून सर्वेचे फॉर्म भरले. आता मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत हिशोब बघते. त्यामुळं टक्का कसा तयार होतो ते मी अगदी खालून बघितलंय.

एकच सांगते. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यानंतर एका एजन्सीनं आम्हाला पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात पाठवलं. फॉर्मवर प्रश्न होता, पुराचा धोका टाळण्यासाठी सुरक्षित ठिकाणी राहायला जायला तुमची तयारी आहे का. एक आजी दारात बसून चिंचेनं तांब्याचा हंडा घासत होत्या, भिंतीवर देवळीच्या वर हातभर चिखलाची रेघ अजून तशीच. म्हणाल्या, "व्हय की, का न्हाई." मी हो वर टिक केली. मग त्यांनी चहा टाकला आणि चहा पिता पिता मी आपलं सहज विचारलं, आजी म्हणजे हे घर, गोठा, मळीचं रान सोडून वर माळावर जावं लागंल, चालंल का. तर म्हणाल्या, "मग म्हस कुठं बांधू? न्हाई बाई, मी न्हाई जायची." तीच बाई, तोच उंबरा, मध्ये दहा मिनिटंसुद्धा गेली नव्हती. आणि फॉर्म गेला हो चा, कारण दुसरा प्रश्न फॉर्मवर नव्हताच. वर रिपोर्टमध्ये गाव स्थलांतराला तयार असं आलं. आजी खोटं बोलल्या नव्हत्या, दोन्ही वेळा खरंच बोलल्या होत्या.

आता हेच अमेरिकेतल्या ज्यू लोकांच्या सर्वेत बघा. अमेरिकन ज्युइश कमिटी ही जुनी संस्था वर्षानुवर्षं विचारायची की सध्याच्या परिस्थितीत पॅलेस्टाइनचं वेगळं राष्ट्र व्हावं याच्या तुम्ही बाजूनं आहात की विरोधात. यात बाजूचे लोक निम्म्याच्या आसपास यायचे, कधी त्याच्याही बरेच खाली. दुसरीकडं २००८ मध्ये निघालेली जे स्ट्रीट ही ज्यू संस्था, जी दोन राष्ट्रांच्या तोडग्यासाठीच लॉबिंग करते, ती आपल्या सर्वेत पूर्ण कराराचं वर्णन करून विचारायची, म्हणजे १९६७ च्या युद्धाआधीच्या सीमेवर जमिनीची अदलाबदल, जेरुसलेमचं काय, निर्वासितांचं काय, इस्राएलच्या सुरक्षेची हमी काय, आणि मग असा करार झाला तर पाठिंबा द्याल का. तिथं तीन चतुर्थांशाच्या आसपास लोक हो म्हणायचे. समाज तोच, साधारण काळ तोच. एकानं नुसतं "सध्याच्या परिस्थितीत" विचारलं, आणि सध्याची परिस्थिती म्हटलं की माणसाला रॉकेट आणि बॉम्बस्फोट आठवतात. दुसऱ्यानं पदरात काय पडेल ते आधी सांगितलं आणि मग विचारलं. मी यातल्या कुणालाच लबाड म्हणत नाही, पण एक आकडा छापून दुसऱ्याचं नावही न घेणं हे वाचकाला अर्धंच सांगणं झालं.

त्याच कमिटीचा अजून एक प्रश्न असायचा, म्हणजे प्रश्न नाही, विधानच. अरबांचं ध्येय ताब्यात घेतलेला प्रदेश परत मिळवणं नसून इस्राएलचा नाश हे आहे, सहमत की असहमत. तीन चतुर्थांश लोक सहमत म्हणायचे. सर्वेचं काम केलेल्या कुणालाही विचारा, तयार विधान पुढं ठेवलं की माणूस मान डोलवतो. आमच्याकडंही "वाढत्या महागाईमुळे तुम्ही त्रस्त आहात, सहमत?" असं विचारलं की नाही म्हणणारा मला सात वर्षांत क्वचितच भेटला. आणि यातलं खरं महत्त्वाचं हे की जो माणूस या विधानाला सहमत म्हणतो तोच माणूस नीट मांडलेल्या कराराला पण हो म्हणू शकतो. समोरच्यावर भरवसा नाही आणि तरी तडजोड हवी, हे एकाच मनात राहतं. आपल्याकडं भावाभावांच्या वाटणीत राहतं तसंच.

२०१५ ला इराणच्या अणुकराराच्या वेळी तर याच्यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. लॉस एंजेलिसच्या ज्युइश जर्नलनं सर्वे केला त्यात ज्यूंमध्ये ४९ टक्के बाजूनं आणि ३१ टक्के विरोधात आले, त्याच उन्हाळ्यात कमिटीच्या सर्वेत जवळजवळ अर्धे-अर्धे आले, ५०.६ बाजूनं आणि ४७.२ विरोधात. दोन्हीकडचे नेते आपापला आकडा घेऊन ज्यू समाज आमच्यासोबत आहे म्हणत होते. आणि हा करार युद्ध होणार की नाही याच्याशी जोडलेला होता, म्हणून मला हे किरकोळ वाटत नाही.

आता ज्यू म्हणजे कोण, ज्यांना विचारलं ते आले कुठून. अमेरिकेत प्रौढ लोकसंख्येत ज्यू साधारण २.४ टक्के, म्हणजे सरसकट शंभर माणसांना भेटलात तर दोन-तीन ज्यू सापडणार. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्वे करणाऱ्या संस्थेनं २०१९-२० मध्ये मोठा सर्वे केला तेव्हा देशभर पत्त्यांवर टपालानं पत्रं पाठवून ज्यू कुटुंबं शोधली आणि ४,७१८ जणांशी बोलले, याला पैसा आणि वेळ दोन्ही लागतो. हे परवडत नाही म्हणून काही जण मतदार यादीत ज्यू वाटणारी आडनावं शोधून फोन लावतात. आता सांगलीकरांना आडनावावरून माणूस ओळखायची पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याकडं यादीत पाटील दिसलं म्हणजे तो मराठा का जैन का लिंगायत, सांगा बरं. तिकडंही लग्न झालेल्या ज्यूंपैकी ४२ टक्के लोकांचा जोडीदार ज्यू नाही, २०१० नंतर लग्न झालेल्यांत तर ६१ टक्के. त्यांची आडनावं, त्यांच्या मुलांची आडनावं कुठल्या यादीत सापडणार? आणि जे सुटतात ते नेमके वेगळ्या विचाराचे असतात, धर्मकर्म कमी करणारे. उलट कट्टर ऑर्थोडॉक्स मंडळी साधारण ९ टक्के आहेत, ती मोठ्या प्रमाणात रिपब्लिकन, बाकी समाज बराचसा डेमोक्रॅट, त्यामुळं सॅम्पलमध्ये ऑर्थोडॉक्स थोडे कमी-जास्त झाले की सगळा टक्का हलतो. आणि शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन केलात तर ते उचलणारच नाहीत, तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस.

म्हणूनच २०२४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर एका एक्झिट पोलनं कमला हॅरिसना ज्यूंची ७९ टक्क्यांच्या आसपास मतं दिली आणि एपी वृत्तसंस्थेच्या व्होटकास्ट सर्वेनं ६६ दिली. तेरा टक्क्यांचा फरक, एकाच दिवसाच्या मतदानाबद्दल! देशभराच्या सॅम्पलमधून ज्यू तेवढे बाजूला काढले की हातात काहीशे माणसं उरतात, शंभरच उरली तर दहा टक्के इकडं-तिकडं हे तर साधं गणित आहे. आपण २०२४ च्या लोकसभेला हे बघितलंयच की, १ जूनला टीव्हीवर ३५० च्या वर चाललं होतं आणि ४ जूनला एनडीए २९३ वर थांबली.

इस्राएलमध्येही असंच झालंय. १९९६ ला रात्री एक्झिट पोल बघून लोक शिमॉन पेरेस जिंकले म्हणून झोपले आणि सकाळी नेतान्याहू, तेही ३० हजारांच्या आतच्या फरकानं. पॅलेस्टाइनशी झालेल्या ओस्लो शांतता करारानंतरची ती पहिली निवडणूक, शांततेच्या अख्ख्या वाटाघाटीच त्याच्यावर टांगलेल्या. २०१५ ला पुन्हा एक्झिट पोलमध्ये बरोबरी आणि निकाल नेतान्याहूंचा लिकुड पक्ष ३० जागा, विरोधी आघाडी २४. आणि "इस्राएली लोकांचं मत" अशी हेडलाइन देताना एवढं तरी बघावं की त्यात अरब नागरिक धरलेत का, ते पाचातले एक आहेत. प्यूनं २०२४ ला विचारलं की इस्राएल आणि स्वतंत्र पॅलेस्टाइन शांततेनं शेजारी राहण्याचा मार्ग निघू शकतो का, तर एकूण २६ टक्के हो म्हणाले, पण ज्यू १९ आणि अरब ४१. २०१३ ला हेच निम्म्याच्या आसपास होते. हा उतार वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण इथं प्रश्न तोच ठेवलाय, म्हणजे बदललीत ती माणसंच.

बदललीत म्हणजे कायमची असं मात्र मला वाटत नाही. माझ्या आईचं लहानपण मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं कुटुंब होतं, मूळ अलिबागकडचं. कोकणात यांना शनवार तेली म्हणायचे, तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. आडनाव आपल्यासारखंच, शेवटी कर असलेलं, अमेरिकेतल्या आडनावांच्या यादीत या जन्मात सापडणार नाही. त्या घरातली मावशी सत्तरच्या दशकात इस्राएलला गेली, आता तिथल्या अश्दोद शहरात असते आणि आईला अजून मराठीत व्हॉइस मेसेज पाठवते, घरात काही चांगलं झालं की मालिदा करते त्याचा फोटो पाठवते, पोहे, ओलं खोबरं, वर फळं. १९ नोव्हेंबर १९७७ चं ती नेहमी सांगते. शनिवार होता, शब्बाथ सुटला आणि सगळी बिल्डिंग एका टीव्हीसमोर. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांचं विमान इस्राएलमध्ये उतरलं. चारच वर्षांपूर्वी याच माणसानं योम किप्पूरला, ज्यूंच्या सगळ्यात पवित्र दिवशी, हल्ला केला होता, तिच्या नात्यातला एक मुलगा त्या लढाईत गेला होता. ती म्हणते, विमानाचं दार उघडेपर्यंत आम्हाला खरं वाटत नव्हतं, आणि दार उघडलं तशी शेजारची बाई रडायलाच लागली. पुढं मार्च १९७९ मध्ये करार झाला आणि १९८२ पर्यंत इस्राएलनं ताब्यात घेतलेलं जवळजवळ सगळं सिनाई इजिप्तला परत दिलं. विमान उतरायच्या आदल्या आठवड्यात कुणी मावशीला विचारलं असतं की इजिप्तला शांतता हवीय असं वाटतं का, तर ती नाहीच म्हणाली असती, हे ती स्वतःच सांगते.

आणि आज तिच्या घरात तिचं मत वेगळं, मुलाचं वेगळं, नातीचं तिसरंच. मुलगा म्हणतो ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर या विषयावर मला काही विचारूच नका. ग्रुपवर लोक "ज्यूंचं मत" लिहितात तेव्हा मला तिचं ते जेवायचं टेबल दिसतं.

समोरच्या बाजूला पण हे काम करणारे आहेत आणि त्यांनी जास्त सोसलंय. रामल्लाचे पॅलेस्टिनी अभ्यासक खलिल शिकाकी यांनी २००३ मध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांना विचारलं की आपल्या मूळ गावी परतायचा हक्क मान्य झाला तर प्रत्यक्षात कुठं राहायला जाल, तर इस्राएलमध्ये जाऊ म्हणणारे दहातले एकच निघाले, आणि हे जाहीर करायच्या दिवशी जमावानं त्यांच्या ऑफिसवर हल्ला केला, अंडी मारली. तरी त्यांनी सर्वे थांबवले नाहीत, इस्राएली अभ्यासकांबरोबर दोन्ही समाजांना एकच प्रश्न विचारायचं काम पुढंही केलं. एवढ्या कष्टानं आणलेला आकडा आपण इथं सात ओळींत संपवायचा हे मला पटत नाही.

तर साहेब, माझं मागणं मोठं नाही. पुढच्या वेळी असा सर्वे छापाल तेव्हा तो कोणी केला, पैसे कोणी दिले, किती जणांना आणि कोणत्या तारखांना विचारलं हे बातमीतच दोन ओळींत द्या, आणि प्रश्न जसाच्या तसा मराठीत द्या. जागा नसेल तर फोटो लहान करा. ही माहिती बहुतेक वेळा मूळ अहवालातच दिलेली असते, भाषांतर करताना ती गळते. तुमच्याकडं माणूस कमी असेल तर मी रविवारी येऊन करून देईन, पैसे नकोत.

आपली नम्र,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली