जुना अँटीव्हायरस पूर्ण काढण्याची सोय द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर मी घरी प्रबंध टाइप करून देते. गेल्या महिन्यात माझा संगणक इतका संथ झाला, की वर्डची दहा पानांची फाइल उघडायला चार-पाच मिनिटे लागायची. सेव्ह करायला गेले की सगळे जागच्या जागी थांबायचे. दोनदा निळा स्क्रीन आला आणि एका विद्यार्थिनीच्या संदर्भसूचीची सहा पाने गेली. बिचारी रात्री साडेअकरापर्यंत फोनवर मला एकेक नोंद पुन्हा सांगत होती. दुरुस्तीवाले म्हणाले, हार्ड डिस्क बदला.

हार्ड डिस्क धडधाकट होती. भाच्याने घड्याळाशेजारची छोटी चिन्हे उघडून पाहिली, तर तिथे दोन अँटीव्हायरस! एक मी घेतलेला. दुसरा पीडीएफच्या एका मोफत सॉफ्टवेअरसोबत आलेला. त्याच्या चौकोनात आधीच खूण केलेली होती आणि ती माझ्या नजरेतून सुटली.

अँटीव्हायरस फाइलच्या वाटेतच बसतो. वर्डने फाइल मागितली की तो ती अडवतो, तपासतो, मग सोडतो. असे दोन असले, की एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसरा पुन्हा तपासायला घेतो आणि वर्ड ताटकळत राहते. दुसरा अँटीव्हायरस आल्याची नोंद झाली की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप बाजूला होतो. बाहेरून आणलेले दोन मात्र एकमेकांना वाट देतीलच असे नाही.

खरा मनस्ताप पुढे झाला. नको असलेला अँटीव्हायरस कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल केला, मशीन रीस्टार्ट केले, तर इंटरनेटच बंद. नेटवर्कवर नजर ठेवणारा त्याचा ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) आतच राहिला होता. तो काढायला त्याच कंपनीचे वेगळे रिमूव्हल टूल लागते. ते दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणून सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू करून, चालवले, तेव्हा कुठे सुटका झाली. असे टूल असते, हे अनइन्स्टॉल करताना एका ओळीनेही सांगितले नव्हते. त्यात माझे चार दिवस गेले.

ही केवळ माझ्यासारख्या घरगुती वापरणाऱ्यांची चूक म्हणता येणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या 'मेल्टडाउन' या सुरक्षेच्या त्रुटीवर विंडोजचा अपडेट आला. काही अँटीव्हायरस विंडोजच्या कर्नलच्या (अगदी आतल्या गाभ्याच्या) मेमरीत मान्य नसलेल्या पद्धतीने शिरत असल्यामुळे हा अपडेट टाकल्यावर मशीन निळ्या स्क्रीनवर अडकण्याची भीती होती. म्हणून अँटीव्हायरसने आपण या अपडेटशी सुसंगत असल्याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, केलेली नसेल, तर त्या मशीनला मायक्रोसॉफ्टने तो अपडेट देणे रोखून धरले.

अँटीव्हायरस नकोच, असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांचे पेनड्राइव्ह रोज माझ्या मशीनला लागतात आणि त्यातले व्हायरस त्याने पकडलेलेही आहेत. पण कंपन्यांनी आधीच केलेल्या खुणा बंद कराव्यात, दुसरा अँटीव्हायरस आढळला तर स्पष्ट विचारावे आणि पूर्ण काढण्याचे टूल अनइन्स्टॉलच्या खिडकीतच द्यावे. आपणही तंत्रज्ञानाच्या पानावर जुना अँटीव्हायरस नीट कसा काढायचा, हे एकदा चित्रांसह सविस्तर छापावे, ही विनंती.

– घरून टंकलेखन करणारी एक वाचक