पावसाळ्याआधी संगणकातली कागदपत्रेही वरच्या मजल्यावर न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विश्वामित्री नदीचे पाणी वाढू लागले की बडोद्यात तळमजल्यावरच्या गाद्या, धान्याचे डबे, मिक्सर माळ्यावर चढतात. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरांनी ही सवय अंगवळणी पाडली आहे. टेबलाखालच्या संगणकाची आठवण मात्र शेवटी होते, आणि त्याच्या बॅकअपची, म्हणजे जादा प्रतीची, हार्ड डिस्क बहुतेक घरांत त्याच टेबलाच्या खणात असते. संगणक पुन्हा विकत घेता येतो. मोडी कागदांचे स्कॅन, आजोबांचे फोटो, घराण्याची वंशावळ, दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब हे कोणत्याही दुकानात मिळत नाही. पावसाळ्याआधी एक संध्याकाळ या कामाला द्यावी, यासाठी हे पत्र.

बॅकअप म्हणजे सगळे फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर कॉपी-पेस्ट करणे, असा समज सार्वत्रिक आहे. ही पद्धत टिकत नाही. २०० जीबी माहिती यूएसबी ३ च्या साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबी वेगाने गेली, तरी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. फोटो हजारोंनी आणि लहान असतील तर कितीतरी जास्त. इतका वेळ दर आठवड्याला कोण देणार? मग काम दिवाळीवर ढकलले जाते. दुसरा धोका मोठा आहे. ‘रिप्लेस’ म्हटले की कालची चांगली फाइल पुसली जाऊन आजची बिघडलेली फाइल तिच्या जागी बसते.

यावर उपाय इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदलांच्या, बॅकअपचा. त्यात पहिल्यांदा सगळे एकदा उतरते, आणि त्यानंतर फक्त नवे किंवा बदललेले. शिवाय जुन्या आवृत्त्या तशाच राहतात. रोज १ जीबी बदल धरला, तर २०० अधिक ३६५ म्हणजे वर्षाला ५६५ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर हे आरामात मावते. स्कॅन सांभाळणाऱ्यांना तर ही पद्धत फारच सोयीची. ६०० डीपीआयचा (इंचाला ६०० ठिपके) ए-४ रंगीत स्कॅन दाबून लहान केला नाही, तर सुमारे १०० एमबीचा होतो; पण एकदा केलेला स्कॅन बदलत नाही, म्हणून तो एकदाच उतरतो.

विंडोजमध्ये यासाठी ‘फाइल हिस्टरी’ आधीपासून आहे. विंडोज ११ मध्ये ती ‘सेटिंग्ज’मध्ये न शोधता कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’खाली पाहावी. डिस्क जोडून ‘टर्न ऑन’ दाबले की दर तासाला बदल उतरू लागतात. ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये जुन्या आवृत्त्या ‘फॉरेव्हर’ ठेवण्याची निवड आधीच केलेली असते. ती तशीच ठेवली तर डिस्क भरल्यावर नव्या प्रती उतरणे थांबते आणि कित्येकदा ते लक्षातही येत नाही. त्याऐवजी ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ निवडावे.

सगळ्यात जास्त नुकसान ‘डी ड्राइव्ह’मुळे होते. आपल्याकडे महत्त्वाच्या वस्तू डीमध्ये ठेवायची पद्धत आहे. पण डी हा बहुधा त्याच डिस्कचा एक भाग असतो. डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही जातात. त्यात फाइल हिस्टरी फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागा पाहते. डीमधले फोल्डर ती आपणहून घेत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून, ‘शो मोअर ऑप्शन्स’मधून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ करावे लागते.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेले लेख, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते अजून पुष्कळ घरांत आहेत. फाइल सुखरूप राहिली आणि फाँट गेला, तर उघडल्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाँट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात, म्हणून फाइल हिस्टरीत येत नाहीत. त्यांची वेगळी प्रत डॉक्युमेंट्समध्ये ठेवावी, आणि जमेल तसे ते लेखन युनिकोडमध्ये आणावे. फाइलींना लांबलचक मराठी नावे देणेही टाळावे. लिनक्सवर चालणाऱ्या नेटवर्क डिस्कवर (घरातल्या सगळ्या संगणकांना वाय-फाय किंवा केबलने जोडलेल्या डिस्कवर) नावाची मर्यादा सहसा २५५ बाइटची असते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हेही वेगळी मोजली जातात. म्हणजे साधारण ८५ चिन्हांपुढे नाव गेले की विंडोजवर चालणारी फाइल तिथे उतरतच नाही.

व्यापाऱ्यांनी टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा बॅकअप टॅलीतूनच घ्यावा, तो डॉक्युमेंट्समधल्या फोल्डरमध्ये टाकावा आणि मग फाइल हिस्टरीला तो उचलू द्यावा. चालू हिशेबाच्या उघड्या फाइली थेट कॉपी केल्या तर त्या अर्धवट उतरू शकतात. आउटलुकची सगळे मेल साठवणारी पीएसटी फाइल ८ जीबीची असेल, तर एका मेलनेही ती पूर्ण बदलली असे धरले जाते आणि सगळी पुन्हा उतरते. अशा मोठ्या फाइलींना बदललेले तुकडे तेवढेच उचलणारा रेस्टिकसारखा मोफत प्रोग्रॅम बरा.

पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, घेणारे प्रोग्रॅम वापरत असाल, तर साखळीचे भान ठेवावे. रविवारच्या पूर्ण प्रतीवर सोमवारचा बदल, त्यावर मंगळवारचा, असे ते रचलेले असते. जागा करायची म्हणून मधली एक फाइल हाताने पुसली तर पुढचे सगळे दिवस निकामी होतात. महिन्याला एक नवी पूर्ण प्रत घ्यावी. डिस्क एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. विंडोजसाठी एनटीएफएस पद्धत ठेवावी. मॅकवाल्यांनी टाइम मशीन ही मॅकमधलीच बॅकअपची सोय सुरू केली की पुरे.

डिस्क दोन घ्या. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीत संगणकाबरोबरच सापडते. रोजचा १ जीबीचा बॅकअप अचानक १५० जीबीचा झाला तर डिस्क ताबडतोब काढावी, कारण सगळ्या फाइली एकदम बदलणे हे त्याचेच लक्षण असते. दुसरी डिस्क सखल भागाबाहेरच्या नातेवाइकांकडे, वरच्या मजल्यावर असू द्यावी. दर पंधरवड्याला अदलाबदल करावी. त्या वेळी ‘सिलेक्ट ड्राइव्ह’मध्ये जाऊन आलेली डिस्क निवडायला विसरू नये. गुगल ड्राइव्हवरचे सिंक (फाइलींची आपोआप होणारी ऑनलाइन जुळणी) ही तिसरी सोय म्हणून चांगले, पण इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते आणि कचऱ्यात ३० दिवसच राहते.

महिन्यातून एकदा एक फोटो आणि एक मराठी लेख बॅकअपमधून परत काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. फाइल हिस्टरीतून परत काढताना तिथले हिरवे बटण दाबू नये, त्याने मूळ जागीच फाइल ठेवली जाते. राइट क्लिक करून ‘रिस्टोअर टू’ने वेगळ्या फोल्डरमध्ये काढावी.

आणि एवढे करूनही एखादी हार्ड डिस्क पाण्यात गेलीच, तर ती चालू होते का हे पाहण्यासाठी वीज जोडू नये. उन्हात वाळवू नये, तांदळातही ठेवू नये. चिखल आत वाळला की माहिती साठवणाऱ्या चकत्यांना घट्ट चिकटतो. ओली आहे तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्याकडे द्यावी.

– एक वाचक, बडोदे