आधी तपासा, मग मुलांना दोष द्या

मा. संपादक,

मुरूम नाहीत, कांजिण्या नाहीत, मार लागलेला नाही. तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या गालावर खड्डा पडतो आणि काही महिन्यांनी कपाळावर दुसरा. घरचे म्हणतात, ‘तूच नखाने कोरतेस.’ हा आरोप फार लवकर होतो. असे खड्डे आपोआप पाडणारा ‘ॲट्रोफिया मॅक्युलोसा व्हॅरिओलिफॉर्मिस क्युटिस’ हा दुर्मीळ आजार हायडिंग्सफेल्ड यांनी १९१८ मध्ये नोंदवला. कारण अजून सापडलेले नाही.

यातले खड्डे उथळ, ठसठशीत कडांचे, देवीच्या वणांसारखे गोल किंवा आखूड रेघेसारखे असतात. आधी लाली, फोड, खपली काहीच दिसत नाही. नखाने कोरले तर आधी जखम होते, खपली धरते. म्हणून दर महिन्याला शेजारी पट्टी धरून, फ्लॅश न वापरता, बाजूने येणाऱ्या उजेडात फोटो काढावा. समोरून फ्लॅश पडला की खड्डा सपाट दिसतो. पुढे वाद झालाच, तर हेच फोटो कामी येतात.

हे निदान इतर कारणे वगळूनच करायचे. सर्वांत महत्त्वाचे कारण एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया, म्हणजे तांबड्या पेशींत प्रोटोपॉर्फिरिन नावाचे द्रव्य साचून ऊन सोसेनासे होणारा आजार. लहानपणापासून उन्हात गेल्यावर काही मिनिटांत हात-तोंड जळजळते, मूल रडते, पण अंगावर फारसे काही दिसत नाही. पुढे नाकावर-गालावर बारीक वण उरतात. यात लघवीची तपासणी हमखास चकवते, कारण प्रोटोपॉर्फिरिन पाण्यात विरघळत नाही आणि लघवीत उतरत नाही. तांबड्या पेशींतले प्रोटोपॉर्फिरिनच मोजायला हवे. उजेडाने ते नष्ट होते, म्हणून रक्त घेताच नळी फॉइलमध्ये गुंडाळावी. काही रुग्णांच्या यकृतालाही इजा होते. हे निदान हुकणे परवडत नाही. नॅप्रोक्सेनसारख्या वेदनाशामकानेही मुलांच्या चेहऱ्यावर असे वण पडतात, तेव्हा चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

बायोप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणे) चेहऱ्यावर स्वतःचा वण ठेवते, म्हणून ती गरज असेल तरच. केलीच तर तुकड्यात खड्ड्याची कड आणि शेजारची निरोगी त्वचा दोन्ही यावीत आणि पॅथॉलॉजिस्टना इलॅस्टिक तंतूंचा (त्वचेला लवचिकपणा देणाऱ्या तंतूंचा) स्टेन, म्हणजे ते दिसावेत म्हणून द्यायचा खास रंग, आवर्जून सांगावा. नेहमीच्या स्टेनमध्ये हे तंतू नीट दिसत नाहीत.

खात्रीचा उपचार आज नाही. लेसर, फिलरने (खड्डा भरून काढणाऱ्या इंजेक्शनने) थोडाफार फरक पडू शकतो, पण नवे खड्डे पडणे थांबत नाही. निदानाआधी पार्लरमधले पील (त्वचेचा वरचा थर सोलणारे उपचार) करू नयेत आणि दुकानातून मिळणारी स्टेरॉइडमिश्रित ‘गोरेपणाची’ मलमे तर मुळीच लावू नयेत; त्यांनी त्वचा आणखी पातळ होते.

— एक त्वचारोगतज्ज्ञ, सांगली