ऊसतोडीला गेलेल्या मुलांना 'गैरहजर' लिहू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेचा प्रभार माझ्याकडे आहे. पहिली ते पाचवी, पट 43. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला दीडशेच्या वर मुलं असली तरच मुख्याध्यापकाचं पद मिळतं. म्हणून दोन-तीन वर्ग सांभाळत सह्याही मीच करतो.

दिवाळी झाली की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी येते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजुरीची उचल आधीच घेतलेली, मागं लेकरांना बघायला कुणी नाही. काही वर्षांपूर्वी अशी 19 मुलं एका आठवड्यात गेली. उपस्थिती घसरू देऊ नका, असं वरून बजावलेलं होतं. पट कमी दिसला तर शाळाच जाईल, ही धास्ती गावाला होती आणि मलाही. मी त्या 19 जणांची हजेरी मांडत राहिलो. पोषण आहाराचे माणशी 100 ग्रॅम धरून रोज एक किलो नऊशे ग्रॅम तांदूळ नुसता कागदावर शिजला.

तांदळाचं मला तेवढं वाटत नाही. चौथीतली एक मुलगी मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. कारखान्याजवळच्या शाळेचे शिक्षक शाळाबाह्य मुलं शोधत तिच्या कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, पोचले होते. त्यांनी मला फोन केला. मी म्हणालो, ती आमच्याकडं रोज येते. हजेरी मांडल्यावर दुसरं काय सांगणार होतो? दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, असं कायद्याचं कलम 5 सांगतं. तिची वाट मीच अडवली. एप्रिलमध्ये परतली तेव्हा दिवाळीआधी घडाघडा वाचलेला धडा तिला अडखळत वाचावा लागला.

साहेब, हजेरीत 'स्थलांतरित' असा वेगळा रकाना द्या. ते दिवस शाळेच्या उपस्थितीच्या टक्केवारीत धरू नका. नाव नोंदलं की त्याच आठवड्यात ते कारखाना परिसरातल्या केंद्रप्रमुखांकडे पोचू द्या. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, पण ते दिल्यावर उपस्थिती का घटली याचा खुलासा आम्हालाच करावा लागतो. मग कार्ड भरायला हात धजत नाही.

यंदा 14 मुलं गेली. चौदाही जणांपुढं मी गैरहजर लिहिलं आहे. खुलाशाची नोटीस आली आहे. उत्तरासोबत या पत्राची प्रत जोडतो आहे.

आपला,
एक प्रभारी मुख्याध्यापक