बहिष्कार माळांवर, आयात मशीनची

दिवाळीत चिनी लाइटच्या माळा घेऊ नका असं सांगणारं पत्र याच पानावर वाचलं, भावना समजते पण हिशोब काही जुळत नाही. लडाखमध्ये गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली जून २०२० मध्ये, आपले २० जवान शहीद झाले, त्याच महिन्याच्या शेवटी सरकारने टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप्स बंद केली आणि २०२४-२५ मध्ये चीनसोबतची व्यापार तूट किती, तर जवळपास ९९ अब्ज डॉलर! तिथून आयात ११३ अब्जांची, आपली निर्यात जेमतेम १४ अब्ज. आता यात माळा-खेळणी किती असणार, खरा आकडा फुगतो तो इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट, मशिनरी, सोलरचं सामान आणि औषधांच्या कच्च्या मालामुळे, म्हणजे आपण ज्याला मेड इन इंडिया म्हणतो त्याच्या पोटात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या, म्हणजे गाड्यांच्या मोटरमध्ये लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीला लायसन्स सक्तीचं केलं तर इथल्या गाड्यांच्या कंपन्यांना घाम फुटला, आणि ड्रिपमधून सोडायच्या विद्राव्य खतांचा माल तिकडे अडला की आपल्या द्राक्षवाल्यालाही चटका बसतोच. मग नाक्यावर माळा विकणाऱ्या पोराला कशाला देशभक्ती शिकवायची? तो बिचारा होलसेलमध्ये मिळेल ते विकतो. विचारायचंच तर सरकारला आणि उद्योगपतींना विचारा की हे पार्ट इथे कधी बनणार.

– एक वाचक, नाशिक