इज लावू नये ते लावलं

प्रिय बंड्या,

दिवाळीला फोन करतो म्हणालो होतो, आता होळी आली. शिव्या राखून ठेव, आधी ऐक. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

मेल्या, इजॲक्टिव्हच्या भांडणात तुझंच खरं ठरलं: फील्डच्या नावाला पुढे 'इज' लावूच नये.

आमच्या जावा कोडमधल्या मेंबर क्लासात बूलियन (हो-नाही साठवणारं) होतं, कॅपिटल बी वालं, म्हणजे नल (रिकामं) ठेवलेलंही चालणारं, फील्डचं नाव इजॲक्टिव्ह. लॉम्बॉक (आपोआप कोड लिहिणारी लायब्ररी) त्याचा गेटर, म्हणजे किंमत वाचून देणारी मेथड, करायचा गेटइजॲक्टिव्ह, जॅक्सन (दुसरी लायब्ररी) त्यातलं गेट उडवून जेसनमध्ये, म्हणजे डेटा पाठवायच्या मजकुरात, इजॲक्टिव्ह लिहायचा. तीन वर्षं सुखात गेली. मला परवा शहाणपण सुचलं: नल कधी येतच नाही, मग कॅपिटल बी कशाला? केला स्मॉल. आता लॉम्बॉकने इज आहेच म्हणून गेटर केला नुसता इजॲक्टिव्ह, आणि किंमत भरणारा सेटर सेटॲक्टिव्ह. जॅक्सनने तो इजही उडवला. जेसनमध्ये उरलं ॲक्टिव्ह. आणि 1997 च्या जावाबीन्सच्या, म्हणजे गेटर-सेटरची नावं ठरवणाऱ्या, नियमाने दोघांचंही बरोबर! (लॉम्बॉक म्हणजे जावानीजमध्ये मिरची. झोंबली.)

कंपाइलर ओरडला तिथे मी निमूट नावं बदलली. टेस्ट हिरव्या, कारण दोन्ही टोकांना तोच क्लास. मोबाइलवरून मात्र इजॲक्टिव्हच येत राहिलं. अनोळखी नाव आलं की स्प्रिंग बूट (आमचा सर्व्हर ज्यावर चालतो ते फ्रेमवर्क) मुकाट गिळतो, फील्ड राहतं फॉल्स, म्हणजे 'नाही'. ज्याने प्रोफाइल सेव्ह केलं तो मेंबर बंद! पहिला फोन सासऱ्यांचा: "जावईबापू, आम्हाला काढलंत का?"

"बारशाला कुणी श्रीयुत रमेश नाव ठेवतं का? श्रीयुत हाक मारणाऱ्याने लावायचं." नान्याच्या वाढदिवसाला तू यावर अर्धा तास पीळ मारलास, केक वितळला. आता फील्ड नुसतं ॲक्टिव्ह आहे, वर जेसनप्रॉपर्टीत (जेसनमधलं नाव वेगळं सांगणाऱ्या खुणेत) जुनं नाव. बॅकअपशी ताडून मेंबरही परत उघडले.

पण ते नाही रे. माझ्या त्या बदलाचा रिव्ह्यू (तपासणी) टीममधल्या नव्या पोरीने केला होता. मीटिंगमध्ये साहेब तिच्यावरच घसरले, "बघून अप्रूव्ह करत नाही का?" ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. चूक माझी, तिने फक्त माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मी पाण्याची बाटली उघडत बसलो. दोन रात्री तीच वही दिसतेय.

वहिनींची बदली झाली का? चिमीला पापा.

उद्या साहेबांकडे जाणार आहे. त्या रिलीजच्या रात्री माझी चूक अंगावर घेताना तू नेमकं काय म्हणाला होतास? आठवत असेल तर सकाळी दहाच्या आत कळव.

तुझा,
पक्या