पंखा एकवर ठेवल्याबद्दल

मॅडम,

होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात. यंदा ते अगदी तंतोतंत खरं झालं. धुळवडीच्या दुपारी आमच्या घरात वर्षातला पहिला पंखा लागला. तोही दादाच्या खोलीत, आणि लावला दादानंच. एकवर. आईनं मला हाक मारून दाखवलं, आणि आम्ही दोघी दाराशी उभ्या राहून ग्रहण बघावं तशा छताकडे बघत राहिलो. वर्षभर मनात लिहीत असलेलं हे पत्र त्या दुपारी कागदावर घ्यायला बसले.

आम्ही तुम्हाला आठवत असू की नाही, कोण जाणे. तुमच्यासमोर रोज किती माणसं येऊन बसत असतील! तरी खूण सांगते. गेल्या वर्षीचा एप्रिल, वरच्या मजल्यावरची पत्र्याच्या छताची खोली, दुपारचे दोन. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, एकेचाळीस वर्षांचा, उंच, दाढी नुकतीच केलेला माणूस, शेजारी आई आणि मी. मानसिक आजारासाठी अपंगत्वाचा दाखला मिळावा म्हणून अपील करून दादाला पुन्हा तपासणीला घेऊन आलेले आम्ही.

त्या इस्त्रीच्या शर्टाबद्दल आधी सांगायला हवं.

पहिल्यांदा, त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात, आम्ही त्याला असंच सजवून नेलं होतं. तेव्हा तुम्ही नव्हता, एक डॉक्टर होते. आई आदल्या रात्रीपासून तयारीला लागली होती. साहेबांसमोर जायचंय, गबाळा दिसता कामा नये. आंघोळीला बसवायला सव्वा तास, दाढी मी केली, बटणं आईनं लावली. मुलगी बघायला न्यावं तसा नेला त्याला. डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं. पंतप्रधान कोण? बरोबर सांगितलं. शंभरातून सात वजा करत जा. आता हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापर्यंत शिकलेला मुलगा. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... डॉक्टर "पुरे" म्हणाले तरी थांबला नाही, थेट दोनपर्यंत उतरला. "हुशार आहे की हा!" त्यांचा चेहरा खुलला. आम्हालाही क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करते. वीस वर्षांत त्याला हुशार कोणी म्हटलं नव्हतं.

पंखा जोरात फिरत होता. दादा सारखा वर बघत होता. "वर काय बघतोस? इकडे बघ." तो म्हणाला, "तो बोलतोय." डॉक्टर हसले. निवडणुकीचे दिवस होते. "काय म्हणतोय पंखा? कोण निवडून येणार?" शेजारचा क्लार्क हसला. आणि दादाही हसला. सगळे हसतायत म्हणून, पाहुण्यांत हसतात तसा. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

तीस टक्के. दहावीला दादाला ८८ टक्के मिळाले तेव्हा बाबांनी सगळ्या वाड्यात पेढे वाटले होते. इथं चाळीस हवे होते आणि तीस मिळाले. म्हणजे कायद्याच्या लेखी आजार आहे, पण मदत मिळण्याइतका नाही. अपंगत्वाचं कार्ड आलं ते पांढऱ्या पट्ट्याचं. चाळीसच्या वर पिवळा, ऐंशीच्या वर निळा. आई म्हणाली, "म्हणजे रेशनकार्डासारखंच की. पांढरं म्हणजे घ्या आणि कपाटात ठेवा." पेन्शनचा अर्ज अर्थातच परत आला.

का फेटाळलं ते आम्हाला नीट कळलंसुद्धा नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत. मानसिक आजारात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, असे चार भाग करून प्रत्येकाला शून्य ते चार गुण देतात, आणि आजाराला किती वर्षं झाली त्याचे वेगळे. सात गुण झाले की चाळीस टक्के. पहिल्या कागदावर स्वतःची काळजी या रकान्यात शून्य होतं. का नसेल? आम्हीच तर घासूनपुसून नेला होता! माणूस स्वच्छ आहे का हा प्रश्नच नाही, कोणी मागे न लागता स्वच्छ राहतो का, हा आहे. एवढी साधी गोष्ट आम्हाला पाच महिने कोणी सांगितली नाही. बाहेरच्या झाडाखाली उभ्या असलेल्या एका गृहस्थानं मात्र सांगितलं होतं, "पाच हजार द्या, ऐंशी टक्के करून देतो. आणि पेशंटला आंघोळ घालू नका." त्यातला दुसरा सल्ला बरोबर होता, याचाच राग जास्त येतो.

तरीही दुसऱ्या वेळी आई ऐकेना. "टक्के गेले खड्ड्यात, माझा मुलगा चार लोकांत घाणेरडा जाणार नाही." म्हणून पुन्हा तोच पांढरा शर्ट.

आणि वर्षांचे गुण. आजार २००५ पासूनचा, पण आमच्याकडे कागद २०१९ नंतरचे. त्याआधीची अख्खी फाइल त्या वर्षीच्या २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुरानं नेली. अरण्येश्वरच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांना ती रात्र वेगळी सांगायला नको. माणसं वाचली, म्हणून कागदांचा शोक कोणी केला नाही. मग थेट बोर्डापुढे बसल्यावर आठवला. स्वमदत गटातल्या एका काकांनी अपिलाचं सुचवलं, कायद्याचं ५९वं कलम माझ्याकडून अक्षरशः पाठ करून घेतलं आणि वर विचारलं, "पहिले डॉक्टर कोण होते? त्यांच्याकडे कार्ड असेल." होतं! टिळक रस्त्यावरचे ते डॉक्टर कधीच निवृत्त झालेत. पण जुनी डॉक्टर मंडळी पेशंटची कार्डं टाकत नाहीत. खोक्यातून पिवळी पडलेली पुठ्ठ्याची पट्टी काढली, वर दादाचं नाव आणि पहिली तारीख, ऑगस्ट २००५. त्यांचेही उपकार आहेतच, पण त्यांना मी घरी जाऊन नमस्कार केलाय. तुम्ही राहिलात.

तर ती खोली.

दादा खुर्चीत बसला आणि त्यानं वर बघितलं. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा तेच. तुम्ही वाचत होता. मान वर केलीत, त्याच्याकडे बघितलंत, मग तो बघत होता तिकडे बघितलंत. उठलात आणि पंखा बंद केलात.

एवढंच. काय ऐकू येतं, कधीपासून, बाईचा आवाज की पुरुषाचा, काही नाही. खरं म्हणजे हे सगळं तुम्ही पुढे विचारलंतच, ते तुमचं कामच होतं. पण आधी पंखा बंद केलात. गल्लीत कोणी मोठ्यानं गाणी लावली की आपण उठून खिडकी लावून घेतो, तितक्या सहज. जणू आवाज तुम्हालाही त्रास देत होता.

एप्रिलमधला पत्रा, मॅडम! पाच मिनिटांत माझी ओढणी भिजली. तुम्ही पदरानं कपाळ टिपत होता आणि लिहीत होता. आणि तुम्ही त्याला "अहो" म्हणत होता. "सकाळी उठल्यावर काय करता तुम्ही?" "अहो, शर्ट छान आहे. बटणं कोणी लावली?" दादा म्हणाला, "आईनं." या उत्तरावर सहसा लोक एकमेकांकडे बघतात. तुम्ही नुसती मान हलवलीत, आणि पुढचा प्रश्नही त्यालाच विचारलात. मी मध्येच उत्तर द्यायला गेले तर हात किंचित वर करून मला थांबवलंत. मला तेव्हा जरा लागलं होतं. घरी येताना रिक्षात कळलं, की वीस वर्षं मीच त्याच्या वाटची उत्तरं देत आलेय.

मग ते झालं. अर्धा तास झाला असेल. दादा स्वतःहून बोलला. असा तो बाहेरच्या माणसाशी स्वतःहून कधी बोलला होता, ते आईलाही आठवत नाही. "मॅडम, तुम्हाला उकडत असेल. लावा पंखा."

दुसरं कोणी असतं तर लगेच लावला असता, किंवा "नको नको, राहू दे" म्हणून मोठेपणा घेतला असता. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि विचारलंत, "एकवर ठेवू का?"

त्यानं विचार केला. खरोखर विचार केला, वर बघून, अंदाज घेऊन. मग म्हणाला, "हां. एकवर चालेल."

आमच्या घरात पंखा २००९ साली काढून टाकलेला. त्याआधी दादानं पातं वाकवलं होतं, बाबा चिडले होते, बरंच काही झालं होतं. मग छताला नुसता हूक राहिला आणि सोळा उन्हाळे आम्ही कोणी त्याबद्दल बोललो नाही. पंखा असतो किंवा नसतो, एवढंच आम्हाला माहीत. रेग्युलेटरला आकडे असतात आणि कोणता आकडा चालेल ते त्यालाच विचारता येतं, हे घरातल्या तीन शहाण्या माणसांच्या डोक्यात आलं नाही. बाबा तर भोसरीच्या कंपनीत जन्मभर मशिनवर काम करत होते.

मला फार वेळा वाटतं, आपण चांगुलपणाकडून उगाच मोठ्या अपेक्षा ठेवतो. कोणी तरी नियम वाकवावा, साहेबांना फोन लावावा, रात्रीतून काम करून द्यावं. तुम्ही एकही नियम वाकवला नाही. अकरा गुण झाले, साठ टक्के, ते त्याच कागदावरच्या त्याच रकान्यांतून झाले आणि खाली सही बोर्डाच्या डॉक्टरांचीच होती. फरक इतकाच, की तुम्ही खरंच विचारलंत आणि तो जे बोलला ते लिहिलंत. आमच्या बसचा एक कंडक्टर आहे, दादा चढला की मधली सीट रिकामी असली तरी म्हणतो, "पुढे बसा, तिथं आवाज कमी येतो." त्याला कोणी शिकवलं असेल? उलट आमचे एक सख्खे नातेवाईक, पदवीधर, दर दिवाळीला विचारतात, "येरवड्याला दाखवलं का मग?" आणि स्वतःच हसतात. मानसिक आजार अपंगत्वात मोडतो हे या देशाच्या कायद्यात १९९५ पासून लिहिलेलं आहे. २०१६च्या कायद्यानं यादी एकवीस प्रकारांची केली, त्यातही तो आहे. पण कुबडी दिसल्याशिवाय आपल्याकडे कोणी खुर्ची सोडत नाही. आता शब्द दिव्यांग झालाय. दादाला सांगितलं तर म्हणाला, "दिव्य काय आहे माझ्यात?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पैशांचंही सांगते, कारण "पैशांचा प्रश्न नव्हता हो" म्हणणाऱ्यांतली मी नाही. होता. आईला बाबांची पेन्शन मिळते ती अकराशे रुपयांच्या आसपास, दादाच्या गोळ्या आणि दर महिन्याची रक्ततपासणी त्यात बसत नाही. मी माझ्या संसारातून देते ते देते, पण आईला माझ्याकडे मागताना आवाज बारीक करावा लागायचा. आता संजय गांधी निराधार योजनेचे पैसे दादाच्या नावावर येतात. दिव्यांगांसाठी ती रक्कम १,५०० वरून २,५०० झाली, त्यानंतर आमचा पहिला हप्ता जमा झाला. दादानं पासबुक भरून आणलं आणि आईपुढे ठेवलं. आई म्हणाली, "अरे वा, पगार झाला!" त्यावर तो काही बोलला नाही. पण त्या दिवशी दुकानात गोळ्यांचे पैसे त्यानं दिले आणि सुटे मोजून घेतले.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो होतो. खोलीत दुसऱ्या बाई होत्या. तुमचं कंत्राट संपलं आणि पुढे वाढवलं नाही, एवढंच खिडकीवर कळलं. कुठं गेलात विचारलं तर "आम्हाला काय माहीत" असं उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. तुमच्यासारखं काम करणारं माणूस कंत्राटावर ठेवावं आणि पंख्याला राजकारण विचारणाऱ्याची खुर्ची पक्की असावी, यावर मला पुष्कळ लिहिता येईल. पण आई म्हणते, आभाराच्या पत्रात शिव्या नकोत.

तिळगूळ परत आणला, तो दादानं दोन दिवसांत संपवला. डबा मात्र धुऊन वेगळा ठेवलाय.

गेल्या मे महिन्यात आम्ही त्या हुकाला पुन्हा पंखा लावून घेतला. पहिले काही दिवस आई रोज विचारायची, "एकवर ठेवू का?" आणि तो रोज विचार करून सांगायचा. कधी हो, कधी नाही. नाही म्हणाला तर नाही. आता ती विचारत नाही, बटण त्याच्या हाताशी आहे.

हे पत्र त्याला वाचून दाखवलं. नाव घालायचं नाही, एवढी अट त्यानं घातली. तुम्हाला काही सांगायचंय का, विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांना लिही, आता दोनवर पण चालतो. कधी कधी."